वृद्धांची स्मृतिपरीक्षा: धाराशिव जिल्ह्याच्या निमित्ताने

वैद्याने वृद्ध माणसास विचारावयाच्या प्रश्नांत ‘हा जिल्हा कोणता?’ हा प्रश्न सर्वांत सोपा असावा, असे कोणासही वाटेल. ज्या भूमीवर मनुष्य जन्मला, वाढला आणि म्हातारा झाला, तिचे नाव त्यास सांगता आले नाही, तर त्याच्या मेंदूत काही बिघाड झाला असला पाहिजे, असा तर्क या प्रश्नामागे आहे; आणि सामान्यतः तो बरोबरही ठरतो. परंतु मराठवाड्यातील एका जिल्ह्यात या प्रश्नाचे उत्तर तितकेसे सरळ राहिलेले नाही. २०२३ सालापूर्वी सरकारी कागदावर ‘उस्मानाबाद’ हे उत्तर बरोबर होते आणि ‘धाराशिव’ हे, निदान कागदाच्या हिशेबाने, चूक होते. २०२३ साली नाव पालटले आणि चूक ते बरोबर व बरोबर ते चूक झाले. खेड्यापाड्यांतील जुन्या माणसांच्या तोंडी मात्र दोन्ही नावे एकाच घरातील दोन सुनांप्रमाणे कितीतरी वर्षे नांदत होती. अशा माणसास तपासनीसाने जिल्हा विचारला आणि त्याने क्षणभर थांबून ‘कंचं नाव सांगू, जुनं का नवं?’ असे उलट विचारले, तर त्यास गुण द्यावा की कापावा?

हा प्रश्न केवळ गंमतीचा नाही. साठी उलटलेल्या माणसाच्या नेहमीच्या वैद्यकीय तपासणीत रक्तदाब, साखर आणि दृष्टी यांच्या जोडीला आता स्मरणशक्तीचीही विचारपूस होऊ लागली आहे. ‘आयुष्मान भारत’ योजनेत आशा कार्यकर्ती घरोघर जाऊन जो तक्ता भरते, त्यात साठीपुढील व्यक्तींसाठी काही निराळे प्रश्न आहेत. जवळच्या माणसांची नावे किंवा स्वतःच्या घराचा पत्ता विसरावयास होतो काय, हा त्यांतील एक. अमेरिकेत ‘मेडिकेअर’ योजनेखालील वृद्धांच्या वार्षिक भेटीत बुद्धीच्या ऱ्हासाची चाचपणी २०११ पासून ठरीव भाग झाली आहे. जी गोष्ट आज मोठ्या शहरांतील दवाखान्यांत होते, ती उद्या उमरग्यास व परंड्यासही होणार, हे उघड आहे. तेव्हा ही परीक्षा कोठून आली, तिचे प्रश्न कोणासाठी रचले गेले, आणि ते आपल्या आजी-आजोबांस लागू पडतात काय, याचा विचार सुशिक्षित कुटुंबांनी वेळीच केलेला बरा.

स्मृतीची परीक्षा हा विचार आपल्याकडे अगदीच नवा नाही. ज्या गोष्टी डोळ्यांस दिसत नाहीत त्या अनुमानाने कशा ओळखाव्यात, याची एक यादी चरकसंहितेच्या विमानस्थानात आहे. तीत मेधा ही ग्रहणशक्तीवरून आणि स्मृती ही प्रत्यक्ष आठवण्यावरून जाणावी, असे सांगितले आहे. शारीरस्थानात तर स्मृती कशाकशाने जागी होते, याची आठ कारणे मोजली असून सादृश्य, विरोध, अभ्यास आणि पुन्हा ऐकणे यांचा त्यांत समावेश आहे. सांगितलेला शब्द रोग्यास आठवला नाही म्हणजे आजचा तपासनीस ‘ते एक फळ होते’ असे सूचक देऊन पुन्हा विचारतो, तेव्हा तो न कळत याच वाटेने जात असतो. मात्र चरकाने गुण मोजले नाहीत. स्मृतीस आकडा चिकटविण्याचे काम एकोणिसाव्या शतकातील युरोपने केले.

१८८५ साली हेर्मान एबिंगहाउस या जर्मन पंडिताने निरर्थक अक्षरांच्या माळा स्वतः पाठ करून, त्या किती तासांनी व किती दिवसांनी किती विसरल्या जातात, हे मोजून दाखविले. अर्थपूर्ण शब्द घेतले असता पूर्वीच्या ओळखीचा लाभ मिळतो, म्हणून त्याने मुद्दाम अर्थशून्य अक्षरे घेतली होती. ही दक्षता वाचकांनी ध्यानात ठेवावी. कारण पुढील काळातील परीक्षकांस तिचा बराच विसर पडला. त्याच्या चार वर्षे आधी, १८८१ साली, फ्रान्समध्ये तेओद्यूल रिबो याने स्मृतीच्या रोगांवर ग्रंथ लिहून एक नियम मांडला होता: स्मृती ढासळू लागली म्हणजे नवे आधी जाते आणि जुने शेवटपर्यंत टिकते. म्हातारा मनुष्य सकाळी काय जेवला हे विसरतो, पण साठ वर्षांपूर्वीच्या आपल्या लग्नातील पंगतीचे वर्णन तपशीलवार करतो, याचे कारण या नियमात आहे.

यानंतर आलॉइस आल्झायमर याचे प्रकरण येते. १९०१ च्या नोव्हेंबरात फ्रांकफुर्ट येथील वेड्यांच्या इस्पितळात एक्कावन्न वर्षांची एक स्त्री, ऑगुस्ट डेटर, दाखल झाली. आल्झायमरने तिच्याशी केलेली प्रश्नोत्तरे लिहून ठेवली आहेत. त्याने तिला नाव विचारले, पतीचे नाव विचारले, साल विचारले, ती कोठे आहे हे विचारले. पेन्सिल, किल्ली, चिरूट अशा वस्तू दाखविल्या. तिने त्यांची नावे बरोबर सांगितली. परंतु थोड्या वेळाने, मघाशी काय दाखविले होते, हे तिला सांगता येईना. १९०६ साली ती वारली आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात आल्झायमरने ट्यूबिंगेन येथील सभेत तिच्या मेंदूत आढळलेले विकार मांडले. १९१० साली क्रेपेलिनने आपल्या ग्रंथात या रोगास आल्झायमरचे नाव दिले. त्या स्त्रीची हरवलेली चोपडी १९९५ साली पुन्हा सापडली, तेव्हा लोकांच्या ध्यानात आले की आज जगभर चालणाऱ्या परीक्षेचा सांगाडा तीत जवळजवळ सगळा आहे: स्थळ, काळ, ओळख आणि तीन-चार वस्तूंची आठवण.

या सांगाड्यावर पुढे गुणांचे मांस चढले. १९६८ साली इंग्लंडात न्यूकॅसल येथे ब्लेसेड, टॉमलिन्सन व रॉथ यांनी वृद्धांस काही ठरीव प्रश्न विचारले आणि मृत्यूनंतर त्यांच्या मेंदूंची तपासणी करून, प्रश्नांतील चुका व मेंदूतील विकार यांचा संबंध असल्याचे दाखवून दिले. १९७२ साली हॉडकिन्सन याने दहा प्रश्नांची आटोपशीर परीक्षा तयार केली. तीत पहिल्या महायुद्धाचे साल, गादीवरील राजाचे अथवा राणीचे नाव, विसापासून एकापर्यंत उलटी मोजणी आणि एका रस्त्यावरील घराचा पत्ता ध्यानात ठेवणे, असे प्रश्न होते. इंग्लंडातील म्हाताऱ्यास हे प्रश्न घरचेच होते. मग १९७५ साली अमेरिकेत मार्शल फोल्स्टीन, सुसान फोल्स्टीन आणि पॉल मॅकह्यू यांनी तीस गुणांची ‘मिनी मेंटल स्टेट’ ही परीक्षा प्रसिद्ध केली. पाच-दहा मिनिटांत होणारी, साहित्य म्हणून एक पेन्सिल आणि कागद पुरे होणारी ही परीक्षा अल्पावधीत जगभर पसरली. साल, ऋतू, महिना, तारीख, वार. राज्य, परगणा, गाव, इस्पितळ, मजला. तीन शब्द ऐकून म्हणणे व थोड्या वेळाने आठवणे. शंभरातून सात-सात वजा करीत जाणे. एक आज्ञा वाचून पाळणे. एक वाक्य लिहिणे. एकमेकांत गुंतलेले दोन पंचकोन काढणे. चोविसापेक्षा कमी गुण पडले म्हणजे शंका घ्यावी, असा दंडक रूढ झाला.

आता हा कागद घेऊन आपण लोहारा किंवा कळंब तालुक्यातील एखाद्या खेड्यात जाऊ. समजा, ओसरीवर पंच्याऐंशीच्या घरातील एक आजीबाई बसल्या आहेत. पहिला प्रश्न सालाचा. या बाईंचे बालपण निजामाच्या राज्यात गेले. त्या राज्याच्या दफ्तरी फसली सन चालत असे. त्याचे महिने आजूर, दय, बहमन असे होते आणि इसवी सनाशी त्याचे अंतर सुमारे ५९० वर्षांचे होते. १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, तेव्हा दफ्तरात फसली १३५७ चालू होते. घरातील धर्मकृत्यांस शालिवाहन शक, दफ्तरास फसली, आणि पुढे शाळेत व कचेरीत इसवी, अशा तीन कालगणनांतून ही पिढी गेली. शिवाय शेतीच्या कामास यांपैकी एकही लागत नाही; तेथे मृग निघाला की नाही आणि आर्द्रा कोरड्या गेल्या की काय, एवढेच विचारतात. ‘आज कोणती तारीख?’ यास आजीबाईंनी ‘दशमी’ असे उत्तर दिले आणि ते पंचांगाप्रमाणे बरोबर निघाले, तर त्यांची कालाची जाणीव तपासनीसापेक्षा अधिक सूक्ष्म आहे, असे म्हणावे लागेल. कागदावर मात्र तेथे शून्य पडते.

जन्मतारखेची गोष्ट याहून विलक्षण आहे. मराठी मुलखातील हजारो वृद्धांचा जन्म कागदोपत्री १ जूनचा आहे, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी ती तारीख सोयीची म्हणून लिहून टाकली. ज्यांनी शाळा पाहिलीच नाही, त्यांची तारीख पुढे कोणा कारकुनाने अंदाजाने भरली. घरातील खरी नोंद वेगळीच असते: ‘रझाकाराच्या वेळी मी परकर नेसत होते’, ‘बहात्तरच्या दुष्काळात थोरल्याचे लग्न केले’. वयाचा हा हिशेब कागदाच्या तारखेपेक्षा पुष्कळदा अधिक खरा असतो. कागदाची तारीख मात्र त्या मनुष्याच्या स्मृतीत कधी शिरलेलीच नसते. जे कधी ध्यानात ठेवलेच नाही, ते आठवले नाही म्हणून स्मृती गेली असे कोण म्हणेल?

राज्याचे नाव विचारावे, तर तेथेही हीच तऱ्हा. एकाच घराच्या एकाच उंबऱ्यावर बसून या आजीबाईंनी तीन राज्ये पाहिली. १९५६ पर्यंत त्या हैदराबाद राज्यात होत्या, त्यानंतर द्विभाषिक मुंबई राज्यात गेल्या आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात आल्या. १९८२ साली जिल्ह्यातून लातूर निराळा निघाला, तेव्हा कित्येकांचा जिल्हाही बदलला. ‘आपण कोणत्या मजल्यावर आहोत?’ हा प्रश्न तर धाब्याच्या घरात विचारणाऱ्याचीच बुद्धी तपासावी असे वाटावयास लावणारा आहे.

पुढे गणित. शंभरातून सात-सात वजा करणे हे शाळेच्या फळ्यावरचे गणित आहे. या बाईंचे गणित पायली, शेर आणि मापट्याचे. त्यांच्या लहानपणी या भागात निजामाचा हाली शिक्का चालत होता आणि पलीकडे सोलापूरच्या बाजारी इंग्रजांचा कलदार. हालीचे सात रुपये म्हणजे कलदाराचे सहा, असा स्थूल भाव असे. दोन राज्यांच्या सीमेवरील बाजारात हा सात-सहाचा हिशेब तोंडी करणारी निरक्षर माणसे होती. त्यांस ‘त्र्याण्णवातून सात’ विचारण्याऐवजी बाजारातील मोड विचारली असती, तर त्यांनी पदवीधरांस मागे टाकले असते. आणि शेवटी येतात वाचन, लेखन व पंचकोन. ज्या हातांनी जन्मभर खुरपे धरले, त्यांत पहिल्यांदाच पेन्सिल देऊन आकृती काढावयास सांगणे, म्हणजे ज्याने कधी पाणी पाहिले नाही त्यास पोहण्याच्या शर्यतीत उतरविणे होय.

या निरक्षरतेचा इतिहासही विसरता कामा नये. १९५१ च्या शिरगणतीत हैदराबाद राज्यात शंभरांत दहा माणसेदेखील साक्षर आढळली नाहीत. स्त्रियांची स्थिती त्याहून शोचनीय होती. संस्थानात वरच्या शिक्षणाचे माध्यम उर्दू असल्यामुळे मराठी मुलास दोन ओझी वाहावी लागत. या परिस्थितीत लोकांनी आपल्या भाषेत शिकावे म्हणून १९२१ साली हिप्परगा येथे राष्ट्रीय शाळा निघाली आणि पुढे स्वामी रामानंद तीर्थ म्हणून प्रसिद्धीस आलेल्या व्यंकटेश खेडगीकरांनी तेथे अध्यापन केले. पण अशा शाळा बोटांवर मोजण्याइतक्या. आजचे अतिवृद्ध हे त्या काळाचे अपत्य आहेत. त्यांच्या परीक्षेत पडणारे कमी गुण काही अंशी त्या राज्यकारभाराचे गुण आहेत.

हे केवळ तर्कट नव्हे, त्यास आकड्यांचा आधार आहे. अमेरिकेत १८,०५६ प्रौढांच्या पाहणीवरून १९९३ साली असे प्रसिद्ध झाले की, नऊ अथवा अधिक वर्षे शाळेत गेलेल्यांचा या परीक्षेतील मध्यक २९ होता, पाच ते आठ वर्षे गेलेल्यांचा २६, आणि चार वर्षांपर्यंतच शिकलेल्यांचा २२. म्हणजे चोविसाचा दंडक लावला असता, अल्पशिक्षितांपैकी निम्म्याहून अधिक लोक निरोगी असूनही संशयित ठरावेत. हा अमेरिकेतील हिशेब. जेथे शाळाच नव्हती, तेथील स्थिती वाचकांनी कल्पावी.

भारतात या अडचणीवर पहिला मोठा प्रयत्न हरियाणातील बल्लभगड येथे झाला. भारत व अमेरिका यांच्या सहकार्याने तेथील खेड्यांत स्मृतिभ्रंशाची पाहणी व्हावयाची होती. त्यासाठी डॉ. मेरी गांगुली व त्यांच्या सहकाऱ्यांनी फोल्स्टीन यांच्या परीक्षेचे भाषांतर न करता तिची पुनर्रचना केली आणि १९९५ साली ती ‘हिंदी मेंटल स्टेट एक्झामिनेशन’ या नावाने प्रसिद्ध केली. शंभरातून सातांऐवजी विसातून तीन-तीन वजा करावयास सांगितले. अक्षरे उलटी म्हणण्याऐवजी वार उलटे म्हणावयास सांगितले. लेखी आज्ञा वाचण्याऐवजी तपासनीस करील तशी कृती करावयास सांगितली. वाक्य लिहिण्याऐवजी आपल्या घराविषयी एक वाक्य बोलावयास सांगितले. प्रश्नाचा हेतू कायम ठेवून त्याचे शाळकरी कपडे तेवढे उतरविले. भाषांतर आणि रूपांतर यांतील भेद आपल्या नाट्यरसिकांस सांगावयास नको. तोच भेद वैद्यकासही लागू पडतो, हे या प्रयत्नाने दाखविले.

परीक्षा बदलली की रोग्यांची संख्या कशी बदलते, हेही पाहण्याजोगे आहे. बल्लभगडच्या खेड्यांत पासष्टीपुढील लोकांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण शेकडा १.३६ निघाले, तर २००१ साली प्रसिद्ध झालेल्या मुंबईच्या पाहणीत त्याच वयोगटात शेकडा २.४४. पुढे देशभरच्या मोठ्या पाहणीवरून २०२३ साली जो अंदाज प्रसिद्ध झाला, तो साठीपुढील लोकांत शेकडा ७.४, म्हणजे सुमारे ८८ लक्ष माणसे, असा होता. आणि त्यात पुरुषांपेक्षा स्त्रियांत व शहरांपेक्षा खेड्यांत प्रमाण अधिक आढळले. या तफावतीची कारणे पुष्कळ आहेत: स्थळ, काळ, वयाची मर्यादा, आयुर्मान, निदानाची रीत. तथापि मोजणाऱ्याच्या मापाचाही त्यात वाटा असतो, हे विसरून चालणार नाही. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने पुढे देशी भाषांसाठी परीक्षांचा एक संच सिद्ध केला. २०२१ साली त्याची जी कसोटी प्रसिद्ध झाली, ती हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड व मल्याळम या पाच भाषांतील होती. त्या पहिल्या पाचांत मराठी नव्हती, ही गोष्ट मराठी विद्वानांनी व वैद्यांनी मनास लावून घेण्यासारखी आहे.

येथवर वाचल्यावर एखादा वाचक म्हणेल, ‘मग ही परीक्षा टाकाऊच समजावी, आमच्या म्हाताऱ्या माणसांस काही झालेले नाही.’ हा निष्कर्ष घाईचा आणि, स्पष्ट बोलावयाचे तर, धोक्याचा आहे. परकी परीक्षा निरोग्यास रोगी ठरविते, हे खरे. परंतु घरची माया रोग्यास निरोगी ठरविते, हेही तितकेच खरे. आजीस जात्यावरच्या शेकडो ओव्या अजून येतात, मग तिची स्मृती गेली असे कसे म्हणावे, असे घरचे लोक विचारतात. ओव्यांचे हे भांडार अपार आहे, यात शंका नाही. पुण्याच्या हेमा राईरकर व गी प्वातवाँ यांनी १९८० नंतरच्या काळात खेडोपाडी फिरून ज्या संग्रहाचा पाया घातला, त्यात एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या, आणि त्या बहुतेक निरक्षर स्त्रियांच्या मुखातून आल्या. परंतु रिबोचा नियम आठवावा. ओवी ही स्मृतीच्या सर्वांत खालच्या थरात असते. वरचे थर ढासळले तरी ती शाबूत राहते. जुने गाणे येणे ही स्मृती निरोगी असल्याची साक्ष नव्हे. खरी कसोटी कालच्या आणि परवाच्या गोष्टींची आहे.

‘साठी बुद्धी नाठी’ ही आपली म्हण या बाबतीत दुहेरी घात करते. म्हातारपणी बुद्धी जावयाचीच असे एकदा गृहीत धरले की, ज्याची बुद्धी शाबूत आहे त्याच्या बोलण्यास कोणी किंमत देत नाही, आणि ज्याची खरोखर जात आहे त्यास ‘म्हातारचळ लागला’ म्हणून कोणी वैद्याकडे नेत नाही. वास्तविक विस्मरणाची कित्येक कारणे उपचाराने दूर होण्याजोगी असतात: ‘बी-१२’ जीवनसत्त्वाची उणीव, गळ्यातील थायरॉइड ग्रंथीचे मांद्य, रक्तातील क्षारांचे असंतुलन, झोपेच्या गोळ्यांचा अतिरेक, डोक्यास मार लागून आत साकळलेले रक्त. मोतीबिंदूने दिसेनासे झालेला आणि कानाने कमी ऐकणारा मनुष्य परीक्षेत नापास होतो, तो पुष्कळदा प्रश्न न कळल्यामुळे. २०२४ साली ‘लॅन्सेट’ साप्ताहिकाने नेमलेल्या मंडळाने स्मृतिभ्रंशास कारणीभूत होणारे चौदा निवार्य धोके सांगितले. कमी शिक्षण, बहिरेपणा, दृष्टिदोष, रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, एकाकीपणा हे त्यांत आहेत. हे सर्व दूर करता आले, तर जवळजवळ निम्मे, म्हणजे शेकडा ४५, रोगी टळावेत वा त्यांचा रोग लांबावा, असा त्यांचा अंदाज आहे.

मनाचे दुःखही विस्मरणाचे रूप घेते, आणि या जिल्ह्यास दुःखाची एक तारीख आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून लोक निजले असता, चार वाजण्याच्या सुमारास भूकंप झाला. लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि या जिल्ह्यातील सास्तूर व आसपासची गावे जमीनदोस्त झाली. दोन्ही जिल्ह्यांत मिळून सुमारे दहा हजार माणसे मेली. पुढे पन्नासएक गावे नव्या जागी वसविली गेली. दगडमातीचे वाडे, वळणावळणाचे बोळ आणि पार यांच्या जागी सरळ रेषेतील सारखी घरे आली. त्या वेळी पंचेचाळिशीत असलेला मनुष्य आज पंचाहत्तरीपुढे आहे. तो घराचा पत्ता विचारल्यावर अडखळला, तर त्याचा मेंदू झिजला आहे, की त्याच्या मनातील गाव अजून जुन्या जागीच आहे, हे तक्त्यातील एका खुणेवरून ठरत नाही. शोकाने खचलेला वृद्ध प्रश्नास ‘काय की’ म्हणून मान फिरवितो. त्याचे गुण कमी येतात, आणि उपचार शोकावर करावयाचा असतो.

कमी गुणांचे परिणाम घरात व गावात काय होतात, हेही पाहिले पाहिजे. एखाद्या विधवेच्या नावावर चार एकर जमीन आहे आणि तिच्या तपासणीच्या कागदावर ‘स्मृतिभ्रंशाची शंका’ असे शब्द पडले आहेत, अशी कल्पना करा. उद्या वाटणीच्या वेळी तोच कागद ‘तिला काही कळत नाही’ म्हणून पुढे येईल. याच्या उलट, जिला खरोखरच कळेनासे झाले आहे, तिचा अंगठा बक्षीसपत्रावर निर्धास्तपणे घेतला जाईल, कारण तिची कोणी परीक्षाच केलेली नाही. दोन्हीकडून अन्याय वृद्धावरच होतो. म्हणूनच चाळणीत अडकणे म्हणजे रोगाचे निदान नव्हे, हे वाक्य प्रत्येक तपासनीसाने रोग्याच्या घरी मोठ्याने सांगितले पाहिजे. अमेरिकेतील ‘प्रिव्हेंटिव्ह सर्व्हिसेस टास्क फोर्स’ या मंडळानेही २०२० साली, काही तक्रार नसलेल्या सरसकट सर्व वृद्धांची अशी चाळणी करण्याने हित अधिक होते की अहित, हे ठरविण्यास पुरावा अपुरा आहे, असाच निर्णय दिला. ज्यांच्याविषयी घरच्यांस शंका आली आहे, त्यांची तपासणी करण्यास मात्र या निर्णयाने बाध येत नाही.

मग परीक्षा घ्यावी ती कशी? प्रस्तुत लेखकाच्या मते तिचे तीन नियम असावेत. पहिला, प्रश्न त्या माणसाच्या जीवनातील असावा, पण अलीकडचा असावा. या जिल्ह्यात मार्गशीर्षाच्या अमावास्येस येळवस होते. घरोघरची माणसे शेतात जाऊन भज्जी आणि आंबील खातात. ‘येळवस होऊन किती दिवस झाले? यंदा शेतात कोण कोण आले होते?’ हा प्रश्न निरक्षरासही समजतो, आणि त्याचे उत्तर स्मृतीच्या वरच्या थरातून यावे लागते. गावच्या बाजाराचा वार, परवा घरी येऊन गेलेला पाहुणा, तुळजापूरच्या यात्रेस निघालेली माणसे, असे प्रश्न हजार सुचतील. ते पारखून, निरोगी वृद्धांवर कसून, मगच त्यांस गुण ठरवावेत. नाही तर एकाच्या लहरीच्या जागी दुसऱ्याची लहर येईल.

दुसरा नियम, मनुष्याची तुलना त्याच्याच पूर्वस्थितीशी करावी. ऑस्ट्रेलियात जॉर्म यांनी १९८० नंतरच्या दशकात जी प्रश्नावली तयार केली, ती रोग्यास विचारतच नाही. दहा वर्षांपूर्वीच्या मानाने आज यांस कसे जमते, हे ती जवळच्या माणसास विचारते. आपल्याकडे ही साक्ष बहुधा सून देऊ शकेल. मीठ दोनदा पडू लागले, चूल पेटती राहू लागली, त्याच घागरीसाठी तीनदा हाका येऊ लागल्या, हे तिला मुलाच्या आधी कळते. दुर्दैवाने दवाखान्यात रोग्याबरोबर मुलगा जातो आणि सून घरी राहते. तिसरा नियम, एका परीक्षेवर निकाल देऊ नये. कान व डोळे तपासून, रक्त तपासून, काही महिन्यांनी पुन्हा विचारावे.

हे काम अवाढव्य इस्पितळांवाचून होणार नाही, असे मानण्याचे कारण नाही. तुळजापूर तालुक्यातील अणदूर येथे हॅलो मेडिकल फाउंडेशनने खेड्यातील अल्पशिक्षित स्त्रियांस शिकवून ‘भारतवैद्य’ तयार केले आणि त्यांनी गावोगाव आरोग्यसेवा दिली. २०२२ साली जिल्ह्याच्या ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले. गावची भाषा जाणणारी स्त्री आणि शास्त्र जाणणारा वैद्य, या दोघांनी एकत्र बसून प्रश्न रचले, तर मराठीतील एक चांगली स्मृतिपरीक्षा याच जिल्ह्यातून निघणे अशक्य नाही. तीत जिल्ह्याच्या नावाचा प्रश्न ठेवावयाचा असेल तर अवश्य ठेवावा. मात्र ‘धाराशिव’ व ‘उस्मानाबाद’ या दोन्ही उत्तरांस पूर्ण गुण असावेत. आणि एखाद्या आजीबाईंनी दोन्ही नावे सांगून, बदल केव्हा झाला तेही सांगितले, तर तपासनीसाने पेन्सिल खाली ठेवून त्यांच्या रक्तदाबाकडे वळावे.